संत्र्याची साल, कोलेस्टेरॉल आणि रक्तवाहिन्या : पाकिटावरच्या एका ओळीच्या तपासणीच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

काटोल तालुक्यातील एका बचत गटाने संत्र्याच्या वाळवलेल्या सालीची भुकटी पाकिटबंद करून विकायचे ठरवले आहे, आणि पाकिटावर छापायचा मजकूर तपासून द्यावा अशी विनंती आमच्या अन्नविज्ञान विभागाकडे आली आहे. गटातील महिला गेली काही वर्षे हीच भुकटी उटण्यासाठी विकत होत्या. आता ती कोमट पाण्यातून पोटात घेण्यासाठी विकली जाणार आहे, त्यामुळे जबाबदारीचे स्वरूप पार बदलते. मसुद्यात ठळक अक्षरांत एक ओळ आहे : ‘कोलेस्टेरॉल कमी करते, रक्तवाहिन्या निरोगी ठेवते.’ ही ओळ कुठून घेतली असे विचारल्यावर गटाच्या अध्यक्षा ताईंनी मोबाइलवर आलेला, संत्र्याने कोलेस्टेरॉल अमुक टक्क्यांनी उतरते असे सांगणारा एक संदेश दाखवला.

ओळ खोटी आहे असे म्हणून ती खोडून टाकणे सोपे होते, पण ते बरोबर झाले नसते, कारण लिंबूवर्गीय फळांतील फ्लॅव्होनॉइड या वर्गातील वनस्पतिजन्य द्रव्यांवर जगभर गंभीर काम झालेले आहे. ओळीत दोन वेगळे दावे एकत्र बांधलेले आहेत, एक रक्तातील चरबीचा आणि दुसरा रक्तवाहिनीच्या भिंतीचा. त्यांचा पुरावा वेगवेगळा तपासायचा, आणि सालीतले द्रव्य प्रत्यक्ष काढून पाहायचे, असे दोन भाग मी या कामाचे पाडले आहेत. भुकटी दिवसाला एक चमचा घ्यावी असे मसुद्यात सुचवले आहे. आमच्या तराजूवर तो सपाट चमचा सुमारे ३ ग्रॅमचा भरला. हा आकडा पुढे सतत लागणार आहे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सालीच्या रचनेवर आणि द्रव्यांच्या ओळखीवर दिवस गेला. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, फळापासून हाताने अलगद सुटते, आणि तिचे दोन थर डोळ्यांनी स्पष्ट दिसतात. बाहेरचा नारिंगी थर तेलाच्या बारीक पिशव्यांनी भरलेला असतो, तर आतला थर पांढरा, मऊ आणि कापसासारखा असतो. याच पांढऱ्या थरात आणि फोडींच्या पापुद्र्यांत हेस्पेरिडिन हे फ्लॅव्होनॉइड विपुल असते. लब्रेताँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते १८२८ मध्ये प्रथम वेगळे केले, तेही पांढऱ्या थरातूनच. बाहेरच्या थरातील तेलाबरोबर नोबिलेटिन आणि टँजेरेटिन ही वेगळ्या जातीची द्रव्ये असतात. त्यांना पॉलिमेथॉक्सी फ्लॅव्होन म्हणतात आणि ती हेस्पेरिडिनच्या मानाने फार थोडी असतात.

पपनस आणि ग्रेपफ्रूट यांत मुख्य द्रव्य नॅरिंजिन असते. हे नाव आपल्या ‘नारंग’ या संस्कृत शब्दावरूनच घेतलेले आहे. नॅरिंजिन अतिशय कडू, तर हेस्पेरिडिनला जवळपास चवच नाही, आणि या फरकाचे कारण मोठे सुंदर आहे. दोन्ही रेणूंना ऱ्हॅम्नोज आणि ग्लुकोज अशा त्याच दोन शर्करा जोडलेल्या असतात, फक्त त्या एकमेकींना कुठल्या जागी जोडल्या आहेत ते निराळे असते, आणि तेवढ्यावर जीभ एकाला कडू ठरवते. जेवढे कडू तेवढे औषधी, असा गटातील महिलांचा पक्का समज आहे. संत्र्याच्या बाबतीत तरी तो टिकत नाही. संत्र्याचा रस काढून ठेवल्यावर जो कडवटपणा उतरतो तो लिमोनिनचा असतो, आणि लिमोनिन हे फ्लॅव्होनॉइड नव्हेच.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

गटाच्या वाळवणाच्या जागेला भेट दिली. आंब्या बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या संत्र्याची फळे उतरवणे जोरात सुरू आहे, जवळच्या रस केंद्रांतून साल पोत्यांनी मिळते, त्यामुळे कच्च्या मालाचा प्रश्न नाही. प्रश्न वाळवणाचा आहे. मागच्या आठवड्यातील आभाळी हवेत साल ताडपत्रीवर जाड पसरली गेली, मधला थर दमट राहिला आणि त्यावर हिरवट-काळी बुरशी आली. चार पोती फेकावी लागली. वरून वाळलेली साल बोटांनी मोडून पाहिली तर ती कडकन मोडायला हवी, वाकता कामा नये. वाकली तर आत ओल आहे. ही परीक्षा मी सर्वांना करून दाखवली आणि जाळीच्या ट्रेमध्ये एकच थर पसरायला सांगितले.

भेटीत एक गोष्ट समजली ती फार महत्त्वाची आहे. भुकटीला छान नारिंगी रंग यावा म्हणून महिला सालीचा पांढरा थर चमच्याच्या कडेने खरवडून काढतात आणि गुरांपुढे टाकतात. उटण्यासाठी ते ठीकच होते, रंगावर तर गिऱ्हाईक येते. पण आता ज्या द्रव्याच्या नावाने भुकटी विकायची, ते द्रव्य ज्या थरात सर्वाधिक आहे तोच थर टाकला जात आहे. मी दोन्ही प्रकारची साल बरोबर आणली आहे, एक पांढऱ्या थरासह आणि एक खरवडलेली.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

दोन्ही नमुन्यांतून हेस्पेरिडिन काढले. मद्यार्कात उकळून काढण्याची पद्धत अधिक शुद्ध द्रव्य देते, परंतु तुलना करण्यासाठी जुनी चुन्याची पद्धत पुरेशी आहे आणि विद्यार्थ्यांना ती डोळ्यांदेखत समजते. भुकटी पाण्यात भिजवून त्यात विझवलेला चुना घातला आणि तासभर ढवळले. हेस्पेरिडिन साध्या पाण्यात विरघळतच नाही म्हटले तरी चालेल, पण अल्कलीत त्याच्या रेणूतील एक कडे उघडते, त्याचा पिवळा चॅल्कोन होतो आणि तो पाण्यात उतरतो. चुन्याचा दुसरा फायदा असा की सालीतील पेक्टिन कॅल्शियमशी बांधले जाऊन घट्ट होते आणि मिश्रण फडक्यातून सहज गाळता येते. नाहीतर पेक्टिनचा चिकट लगदा गाळणीत तासन्‌तास अडून बसतो.

गाळलेले पाणी गडद पिवळे, हळदीच्या पाण्यासारखे होते. ते कोमट करून त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडत सामू साडेचारच्या आसपास आणला, तसा पिवळेपणा ओसरला आणि चंचुपात्र गढूळ झाले. उघडलेले कडे पुन्हा मिटले आणि द्रव्य पाण्याबाहेर पडू लागले. रात्रभर ठेवल्यावर सकाळी तळाशी फिकट पिवळसर गाळ बसला होता. तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा सुयांचे झुबके दिसले, एकाच टोकातून फुटलेले, बोरूच्या पेंढीसारखे. दोन विद्यार्थिनी आळीपाळीने बराच वेळ भिंगाला डोळा लावून होत्या आणि त्यांना उठवावेसे मला वाटले नाही.

थोडा नमुना मद्यार्कात घेऊन त्यात मॅग्नेशियमच्या फितीचा तुकडा आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर गुलाबी-लाल रंग आला, म्हणजे फ्लॅव्होनॉइडची प्राथमिक खूण पटली. द्रवणांक २५१ अंश सेल्सिअसपासून सुरू झाला. शुद्ध हेस्पेरिडिन २५८ ते २६२ अंशांच्या दरम्यान वितळते, त्यामुळे आमच्या नमुन्यात अजून मळ आहे हे उघड आहे. मात्र तुलनेचा निकाल स्पष्ट लागला. सारख्या वजनाच्या भुकटीतून पांढऱ्या थरासह मिळालेला गाळ खरवडलेल्या सालीतील गाळाच्या दुपटीहून अधिक भरला.

३ डिसेंबर, मंगळवार

कोलेस्टेरॉलच्या दाव्याचा पुरावा आज वाचून संपवला.

प्राण्यांवरील निष्कर्ष खरोखर आशादायक आहेत. १९९० च्या दशकात कोरियात उंदरांवर झालेल्या प्रयोगांत हेस्पेरिडिन आणि नॅरिंजिन यांच्या आहाराने रक्तातील कोलेस्टेरॉल घटले आणि यकृतातील दोन विकरांची (एन्झाइमांची) क्रियाही मंदावली. त्यांपैकी एक एचएमजी-कोए रिडक्टेज. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातील गोळ्या ज्या विकराला अडवतात तेच हे विकर, म्हणून या निष्कर्षाची इतकी चर्चा झाली. २००४ मध्ये कुरोव्स्का आणि मँथी यांनी हॅम्स्टरांना १ टक्का पॉलिमेथॉक्सी फ्लॅव्होन असलेला आहार दिला, तेव्हा एकूण कोलेस्टेरॉल १९ ते २७ टक्क्यांनी आणि व्हीएलडीएल व एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, मिळून ३२ ते ४० टक्क्यांनी उतरले. पुढे कॅनडातील लंडन, ऑन्टॅरिओ येथील संशोधकांनी नॅरिंजेनिन (शर्करा निघून गेलेले नॅरिंजिन) आणि नोबिलेटिन यांवर उंदरांत काम केले. त्यांत दिसले की ही द्रव्ये यकृतातून बाहेर पडणाऱ्या, अपोबी प्रथिन असलेल्या चरबीकणांचे उत्पादन कमी करतात आणि मेदाम्ले जाळण्याचे काम वाढवतात.

मोबाइलवरच्या संदेशातील टक्केवारी बहुधा अशाच हॅम्स्टरांच्या प्रयोगांतून आलेली असावी. म्हणून मात्रेचा हिशोब मांडून पाहिला. शंभर ग्रॅम वजनाचा हॅम्स्टर दिवसाला ८ ग्रॅम खातो असे धरले, तर त्याच्या पोटात ८० मिलिग्रॅम द्रव्य जाते, म्हणजे वजनाच्या दर किलोला ८०० मिलिग्रॅम. हॅम्स्टरची मात्रा माणसासाठी बदलताना ७.४ ने भागण्याचा संकेत आहे. त्यानुसार साठ किलोच्या माणसाला रोज साडेसहा ग्रॅम शुद्ध नोबिलेटिन-टँजेरेटिन लागेल. आमच्या तीन ग्रॅमच्या चमचाभर भुकटीचे एकूण वजनच त्याच्या निम्म्याहून कमी आहे, आणि तिच्यात ही द्रव्ये अगदी अल्प. हा हिशोब ढोबळ आहे, तरी तो पाहिल्यावर हॅम्स्टरांची टक्केवारी पाकिटावर छापण्याचा विचार कोणी करणार नाही.

माणसांवरील कामात २००० साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी नेहमी सांगितली जाते. कोलेस्टेरॉल जास्त असलेल्या २५ जणांनी संत्र्याचा रस आधी रोज २५० मिलिलिटर, मग ५००, मग ७५० मिलिलिटर असा टप्प्याटप्प्याने प्रत्येकी चार आठवडे घेतला. शेवटच्या टप्प्यात एचडीएल, म्हणजे ज्याला आपण चांगले कोलेस्टेरॉल म्हणतो ते, २१ टक्क्यांनी वाढले. मात्र त्याच टप्प्यात ट्रायग्लिसराइड ही रक्तातील चरबीही ३० टक्क्यांनी वाढली, आणि ही दुसरी बाजू संदेशांत कधीच येत नाही. पाऊण लिटर रस रोज पिणे म्हणजे त्यातली साखरही रोज पिणे. मधुमेहाच्या रुग्णाला हा सल्ला देता येणार नाही.

निर्णायक वाटणारी चाचणी २०१० ची आहे. देमोंती आणि सहकाऱ्यांनी कोलेस्टेरॉल मध्यम वाढलेल्या २०४ स्त्री-पुरुषांना चार आठवडे हेस्पेरिडिन रोज ८०० मिलिग्रॅम किंवा नॅरिंजिन ५०० मिलिग्रॅम दिले, आणि एका गटाला कोणतेही द्रव्य नसलेल्या कुपी दिल्या. एलडीएलमध्ये फरक पडला नाही, एकूण कोलेस्टेरॉलमध्येही नाही. २०१९ मध्ये अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातूनही हेस्पेरिडिनचा चरबीच्या पातळीवर ठोस परिणाम दिसून आला नाही. पाकिटावरील पहिल्या अर्ध्या ओळीला माझा नकार आहे.

९ डिसेंबर, सोमवार

रक्तवाहिन्यांचा भाग मला अधिक आवडीने वाचावासा वाटला, कारण येथे विषयाला जवळपास नव्वद वर्षांचा इतिहास आहे आणि पुरावाही वेगळ्या वळणाचा आहे.

हंगेरीतील अल्बर्ट सेंट-ग्योर्गी यांना १९३७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले त्यात क जीवनसत्त्वावरील कामाचा मोठा वाटा होता. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३६ मध्ये, त्यांनी रुस्न्याक यांच्यासह असे मांडले की लिंबाच्या आणि तिखट मिरचीच्या अर्कातील फ्लॅव्होनॉइड मिश्रण केशवाहिन्यांचा नाजूकपणा आणि गळती कमी करते, आणि शुद्ध क जीवनसत्त्वाने ते काम होत नाही. त्या मिश्रणाला त्यांनी ‘सिट्रिन’ आणि त्यातल्या गुणाला ‘पी जीवनसत्त्व’ म्हटले. पुढे हे निष्कर्ष सातत्याने मिळेनात. आहारात ही द्रव्ये नसल्याने ठरावीक रोग होतो असेही सिद्ध झाले नाही, आणि १९५० नंतर जीवनसत्त्व हे नाव मागे पडले. नाव गेले तरी मूळ निरीक्षणाचा धागा तुटला नाही. डायॉस्मिन ९ भाग आणि हेस्पेरिडिन १ भाग असे मिश्रण पायांच्या शिरांचा जुनाट विकार आणि मूळव्याध यांसाठी आजही डॉक्टर लिहून देतात, आणि आपल्याकडच्या औषध दुकानांतही ते मिळते. पण तो शिरांचा विषय आहे. बचत गटाच्या ओळीत अभिप्रेत आहेत त्या हृदयाकडे आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या.

धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचे एकपदरी अस्तर असते. अस्तर म्हटले की ते निष्क्रिय वाटते, पण प्रत्यक्षात ते सतत काम करत असते. रक्ताचा ओघ वाढला की या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, भिंतीतले स्नायू सैल होतात आणि वाहिनी रुंदावते. अस्तर बिघडले की हे सैल होणे मंदावते, आणि धमनी कठीण व्हायच्या कितीतरी आधी हा बिघाड मोजता येतो. दंडावर पट्टा काही मिनिटे आवळून सोडायचा आणि रक्त परत धावल्यावर दंडाची धमनी किती टक्के रुंदावते ते सोनोग्राफीने पाहायचे, अशी ही मोजणी आहे.

इटलीत झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चयापचय विकार असलेल्या २४ जणांना तीन आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन आणि निराळ्या तीन आठवड्यांत प्लासिबो, म्हणजे द्रव्य नसलेले नकली औषध, देण्यात आले. धमनीचे रुंदावणे प्लासिबोनंतर सुमारे ७.८ टक्के आणि हेस्पेरिडिननंतर सुमारे १०.३ टक्के होते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अस्तर-पेशींवर हेस्पेरेटिन (शर्करा निघून गेलेले हेस्पेरिडिन) सोडले असता त्या अधिक नायट्रिक ऑक्साइड तयार करतात, असेही त्याच संशोधकांनी दाखवले, म्हणजे परिणाम आणि त्याची यंत्रणा यांचा मेळ बसतो. त्याच चाचणीत एकूण कोलेस्टेरॉलही उतरले होते. ही गोष्ट ३ डिसेंबरच्या माझ्या निष्कर्षाच्या विरुद्ध जाते आणि ती झाकून ठेवणे योग्य नाही. तरीही २४ जणांची चाचणी आणि २०४ जणांची चाचणी यांत, चरबीच्या प्रश्नापुरता, मी मोठ्या चाचणीला अधिक वजन देते.

त्याच वर्षी फ्रान्समधील मोरां आणि सहकाऱ्यांचे काम प्रसिद्ध झाले आणि त्याची आखणी मला फार आवडली. वजन जरा जास्त असलेल्या, एरवी निरोगी अशा २४ मध्यमवयीन पुरुषांना तीन पेये आळीपाळीने चार-चार आठवडे दिली : ५०० मिलिलिटर संत्र्याचा रस, रसाइतकेच म्हणजे २९२ मिलिग्रॅम हेस्पेरिडिन घातलेले पेय, आणि हेस्पेरिडिनविना तसेच पेय. रसाचा गुण साखरेचा, क जीवनसत्त्वाचा की हेस्पेरिडिनचा, हा गुंता या मांडणीने सोडवता आला. रस आणि हेस्पेरिडिनचे पेय दोन्हींनंतर खालचा रक्तदाब प्लासिबोच्या तुलनेत कमी होता, आणि पेय घेतल्यानंतरच्या काही तासांत त्वचेतील सूक्ष्म वाहिन्यांचा प्रतिसादही सुधारला होता.

हे वाचून ओळीचा दुसरा भाग तसाच ठेवावा असे क्षणभर वाटले होते. पण नेदरलँड्समध्ये वजन जास्त असलेल्या लोकांवर झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा आठवड्यांच्या चाचणीत धमनीच्या रुंदावण्यात सरसकट फरक आढळला नाही. ज्यांच्या अस्तराचे काम मुळात बरे होते अशांमध्येच, स्निग्ध जेवणानंतरची घसरण कमी झाली. शिवाय या सर्व चाचण्या आठवड्यांच्या आहेत आणि त्या वाहिनीचे वागणे मोजतात. हृदयविकाराचा झटका टळला का, हे त्यांनी मोजलेले नाही. म्हणून माझे मत असे बनले आहे की रक्तवाहिन्यांचा दावा कोलेस्टेरॉलच्या दाव्यापेक्षा कितीतरी भक्कम पायावर उभा आहे, पण तो शुद्ध हेस्पेरिडिनच्या शेकडो मिलिग्रॅमच्या मात्रेचा आहे. आपल्या सालीत ते कोरड्या वजनाच्या ३ टक्के धरले, तर चमचाभर भुकटीत ९० मिलिग्रॅम येते, आणि ५०० मिलिग्रॅमसाठी सतरा ग्रॅम, म्हणजे साडेपाच चमचे भुकटी रोज खावी लागेल.

१३ डिसेंबर, शुक्रवार

पोटात गेलेले सगळे रक्तात पोहोचते असे नाही, ही गोष्ट गटाला कशी दाखवावी यावर विचार करत होते. एका पेल्यात पाणी घेऊन त्यात शुद्ध हेस्पेरिडिन टाकून ढवळले. ते खाली जाऊन बसले. पुन्हा ढवळले, पुन्हा बसले. एवढ्याने निम्मे काम झाले.

हेस्पेरिडिन लहान आतड्यातून बहुतांशी तसेच पुढे जाते. मोठ्या आतड्यातील जीवाणू त्याची शर्करांची जोडी तोडतात, तेव्हा कुठे हेस्पेरेटिन मोकळे होऊन शोषले जाते. म्हणूनच रस प्यायल्यावर रक्तातील त्याची पातळी पाच ते सात तासांनी शिखर गाठते. ज्याच्या आतड्यात हे काम करणारे जीवाणू भरपूर, त्याला लाभ अधिक, आणि एकाच मात्रेचा परिणाम माणसागणिक वेगळा का दिसतो याचे एक कारण इथेच आहे. औषधी मिश्रणात कण २ मायक्रोमीटरपेक्षाही बारीक दळतात ते याचसाठी. गिरणीतून आलेली आमची भुकटी त्यापुढे रव्यासारखी आहे.

१८ डिसेंबर, बुधवार

गटाची बैठक गावात, अध्यक्षा ताईंच्या ओसरीवर झाली. पेल्याचा प्रयोग करून दाखवला, पांढऱ्या थराचे आणि खरवडलेल्या सालीचे गाळ दोन बशांत शेजारी ठेवले. ते पाहून एक काकू म्हणाल्या, “म्हणजे चांगलं ते आम्ही ढोरायले घातलं जी!” साल यापुढे खरवडायची नाही, भुकटी फिकट दिसली तरी चालेल, असे तिथेच ठरले.

चहानंतर त्याच काकूंनी मला बाजूला घेतले. त्यांच्या यजमानांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिनची गोळी त्यांनी दिवाळीपासून बंद केली आहे आणि तिच्याऐवजी रोज सकाळी सालीचा काढा घेत आहेत. “घरचंच औषध आहे मॅडम, गोळीनं अंग दुखते म्हणतात ते.” मोबाइलवरचा तोच संदेश त्यांच्याही घरी पोहोचला होता. मी काकांना भेटले आणि स्पष्ट सांगितले की काका, काढा घेतला तर घ्या, पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. अंग दुखत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते मात्रा कमी करतील किंवा गोळी बदलतील. स्टेंट बसवलेल्या माणसाने एलडीएल वाढू देणे धोक्याचे आहे. काका शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “कागदावर लिहून द्या, मुलाले दाखवतो.” मी लिहून दिले.

मसुद्यातील ती ओळ छापली गेली असती तर अशा किती घरांत पोहोचली असती, हा विचार परतीच्या बसमध्ये डोक्यातून जाईना.

स्टॅटिनसंबंधी आणखी एक गोष्ट गटाला द्यायच्या पत्रकात घालायची आहे. ग्रेपफ्रूटच्या रसामुळे काही औषधांची रक्तातील पातळी धोकादायक प्रमाणात वाढते, हे बेली आणि सहकाऱ्यांना कॅनडात योगायोगानेच कळले. मद्याचा परिणाम तपासताना त्याची चव लपवण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला होता, आणि १९९१ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. याला जबाबदार असलेली मुख्य द्रव्ये फ्युरॅनोकुमरिन वर्गातली असून ती आतड्यातील सीवायपी३ए४ हे औषधे मोडणारे विकर निकामी करतात. सिम्व्हास्टॅटिन आणि अॅटॉर्व्हास्टॅटिन ही त्याच वाटेने मोडली जातात. पपनसातही ही द्रव्ये असतात. नागपुरी संत्रा या यादीत येत नाही, परंतु गटातील दोघी पपनसाची सालही मिसळायचा विचार करत होत्या. ते करू नये असे मी सांगितले आणि त्यांनी मानले.

२४ डिसेंबर, मंगळवार

फवारणीचा प्रश्न मी सुरुवातीलाच घ्यायला हवा होता. फळ सोलून खाणाऱ्याला सालीवरच्या औषधाची फारशी झळ लागत नाही, पण साल दळून खाणाऱ्याच्या पोटात ते सगळे जाते, आणि वाळवल्यावर वजन घटल्याने अवशेषांचे प्रमाण उलट वाढते. संत्र्यावर सिल्ला, काळी माशी, कोळी अशा किडींसाठी आणि बुरशीसाठी फवारण्या होतात. रस केंद्रांतून येणारी साल कोणत्या बागेची, शेवटची फवारणी कधीची, हे कोणालाच माहीत नसते. साल पाण्याने धुतल्याने वरची धूळ जाते, तेलाच्या पिशव्यांत उतरलेले रसायन जात नाही.

म्हणून रस केंद्रांची साल खाण्याच्या भुकटीसाठी घ्यायची नाही, तिचा उपयोग उटण्यापुरताच ठेवायचा, असे सुचवले. खाण्याच्या भुकटीसाठी गटातील महिलांच्याच सात बागा निवडल्या असून तिथल्या फवारणीच्या तारखा वहीत लिहिल्या जातील आणि भुकटीचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत अवशेष तपासणीसाठी जाईल. खर्च गटाला जड आहे, तरीही या तपासणीशिवाय पाकीट बाजारात नेऊ नये असा माझा आग्रह राहील.

कायद्याची बाजूही आज पाहून घेतली. अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांविषयीच्या २०१८ च्या केंद्रीय नियमांनुसार अन्नपदार्थाने रोग बरा होतो किंवा टळतो असे छापता येत नाही, आणि आरोग्यविषयक कोणत्याही दाव्यामागे वैज्ञानिक पुरावा हवा.

६ जानेवारी २०२५, सोमवार

पाकिटाचा मजकूर आज नक्की झाला. “नागपुरी संत्र्याची सालभुकटी. पांढऱ्या थरासह वाळवलेली. सालीत हेस्पेरिडिन हे फ्लॅव्होनॉइड नैसर्गिकरीत्या असते. सरबत, चटणी, केक, बर्फी यांत स्वादासाठी वापरावी. हे औषध नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू ठेवाव्यात.” शेवटची दोन वाक्ये काढून टाकावीत, त्याने विक्री घटेल, असे विक्रीचे काम पाहणाऱ्या मुलाचे म्हणणे होते. अध्यक्षा ताईंनी काकांचे उदाहरण दिले आणि वाक्ये राहिली. बर्फीची सूचना गटाचीच आहे. खव्यात पाव चमचा भुकटी मिसळून केलेली बर्फी त्यांनी बैठकीला आणली होती आणि तिचा सुवास अप्रतिम होता. या भुकटीचे खरे स्थान मला तिथे दिसते.

काकांनी रक्त तपासून घेतले. त्यांचे एलडीएल गोळी सुरू होण्याआधीच्या पातळीपर्यंत वर गेले होते. डॉक्टरांनी स्टॅटिनचा प्रकार बदलून दिला आहे आणि काका गोळी घेत आहेत. सकाळचा काढाही सुरूच आहे, त्याला डॉक्टरांची हरकत नाही.

अवशेष तपासणीचा नमुना आज कुरिअरने गेला. अहवाल येईपर्यंत पाकिटे भरायची नाहीत. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या संत्र्याची फळे फेब्रुवारीत तोडणीला येतील तेव्हा त्याच सात बागांची साल पुन्हा घेऊन आंब्या बहाराच्या सालीशी हेस्पेरिडिनची तुलना करायची आहे. त्यासाठी चौदा बरण्या धुऊन, वाळवून, बागेचे नाव आणि बहार यांच्या चिठ्ठ्या लावून कपाटात ठेवल्या आहेत. सात बरण्यांत आंब्या बहाराची साल भरलेली आहे.